सांगपोची वरची घळ
१२. यार्लुंग सांगपो ही तिबेटमधील नदी नामचा बारवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी या शिखरांमधून मोठा वळसा घेते, अरुणाचलात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा. लेखकाने येथे ‘हिवाळी मोहीम’ एवढेच म्हटले आहे. पण ऋतूची निवड हाच या मोहिमेचा कणा होता. ऑक्टोबर १९९८मध्ये, जोरदार पावसाळ्यानंतर नदी फुगलेलीच असताना, डग गॉर्डन हे अमेरिकी कयाकपटू या घळीत वाहून गेले. स्कॉट लिंडग्रेन यांच्या सात जणांच्या चमूने फेब्रुवारी २००२मध्ये कयाक पाण्यात घातल्या. तेव्हा पाऊस नसतो, वरचे बर्फ वितळत नाही, प्रवाह उतरलेला असतो. तरीही मधल्या धारेत शिरणे जिवावरचे होते. काठालगत, खडकांच्या आडोशाने पुढे सरकायचे. तेही जमेना तर कयाक खांद्यावर घेऊन दगडधोंड्यांतून वाट काढायची. मोठ्या धबधब्यांचा टप्पा त्यांनी खिंड चढून, पायीच ओलांडला. त्यामुळे ‘अख्खी घळ वल्हवली’ हे विधान शब्दशः घेऊ नये. काठाने शिधा वाहून नेणाऱ्या हमालांचा लेखकाने उल्लेख केलेला नाही. तो करायला हवा होता, कारण त्यांच्यावाचून ही मोहीम अशक्य होती. — संपादक