देवाचा वाटा आणि घरचे धान्य

देशावरच्या गावांत पूर्वी घरची ज्वारी-बाजरी हेच कुणब्याचे धन. सुगीला खळ्यावर आधी देवाचा वाटा निघे, मग बलुतेदारांचे बलुते. उरलेले पेवात जाई. विकत आणायचे ते मीठ, गूळ, रॉकेल. १९७२ च्या दुष्काळात खळीच झाली नाहीत. जमीन असलेला कुणबीही खडी फोडू लागला. मजुरीच्या पैशातून रेशनची लाल मिलो आली. कामावरच्या सुकडीने लेकरे जगली. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला.

देशातील ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० साली सुमारे ५९ टक्के होता. २०२२-२३ साली तो ४६ वर आला. पेवे बुजली, दान रुपयांत आले. पण आधी देवाचा वाटा काढण्याची रीत गावाने मोडली नाही. हा जीर्णोद्धार तिचीच साक्ष होय.