अमळनेरच्या शेठचं देणं

आमचे अब्बा पिंजारी. दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की खांद्यावर पिंजण टाकून ते खान्देशातली गावं पायी फिरायचे. पिंजणाचा आवाज गल्लीत घुमला की आयाबाया जुन्या गाद्या-उशा उसवून अंगणात आणून टाकायच्या. संध्याकाळी अब्बा घरी परतत तेव्हा त्यांच्या भुवया, मिशा, कानांच्या पाळ्या कापसाच्या तंतूंनी पांढऱ्या झालेल्या असत. आमच्या घरात भाकरी आली ती त्या तंतूंमधूनच.

मी बी.ए.साठी अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात नाव घातलं, ते दिवस १९८०च्या दशकातले. त्या दिवशी अब्बा सोबत आले होते. ते शाळेची पायरी चढलेले नव्हते. फी भरून आम्ही बाहेर पडलो, तसे ते फाटकाशी थांबले. मागे वळून इमारतीकडे बघत राहिले आणि त्यांनी अहिराणीत विचारलं, ‘‘हाई शेठनं कॉलेज शे ना?’’ मी हो म्हटलं. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘हाऊ बठा कापूसना पैसा शे, बेटा.’’

हा सगळा कापसाचा पैसा आहे! तेव्हा मला वाटलं, अब्बांना कुठंही कापूसच दिसतो. पुढे प्रतापशेठांविषयी वाचत गेलो, जुन्या माणसांकडून ऐकत गेलो, तेव्हा कळलं की त्या निरक्षर माणसानं अमळनेरचा इतिहास एका वाक्यात सांगितला होता.

अमळनेर हे बोरी नदीच्या काठचं गाव. सखाराम महाराजांची समाधी इथं आहे आणि वैशाखात त्यांची मोठी यात्रा भरते. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाला मानवणारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेकडून तापी खोऱ्यातला लोहमार्ग इथवर आला आणि गावाचं नशीब पालटलं. बैलगाड्यांनी येणारा कापूस इथं विकला जाऊ लागला. जिनमध्ये सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जायच्या आणि त्या आगगाडीनं रवाना व्हायच्या. हा कच्चा माल बाहेर पाठवण्यापेक्षा त्याचं सूत आणि कापड इथंच का काढू नये, असा विचार करणारे जे व्यापारी होते, त्यांतलं अमळनेरचं नाव म्हणजे मोतीलाल माणेकचंद. गावानं आणि पुढे सगळ्या महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं ते श्रीमंत प्रतापशेठ या नावानं. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी अमळनेरात प्रताप मिल उभी केली. गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. कापूस पिकवणारा शेतकरी, जिनमधली मजूर बाई, गिरणीतला कामगार, दुकानदार, टांगेवाला, सगळ्यांची चूल त्या एका बोंडाभोवती फिरू लागली.

इथवरची गोष्ट इतर गिरणीमालकांसारखीच आहे. पैसा हाती आला की शेठ मंडळी देऊळ बांधत, धर्मशाळा काढत, पाणपोई घालत. तीही चांगलीच कामं. मात्र १९१६ मध्ये प्रतापशेठांनी जे केलं ते पाहून व्यवहारी माणसांनी कपाळाला हात लावला असेल. त्यांनी अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. या मंदिराचं काम विचार करणं हे होतं. वेदान्ताची ओढ शेठना होती. परंतु अभ्यास नुसत्या पोथीपुरता न राहता पूर्वेचं आणि पश्चिमेचं तत्त्वज्ञान समोरासमोर ठेवून व्हावा, त्यासाठी विद्वानांना राहायला जागा, वाचायला ग्रंथ आणि पोटापाण्याची निश्चिंती मिळावी, अशी ही योजना होती. मुंबई-पुण्यातही अशी सोय सहज मिळत नव्हती, तेव्हा ती या कापसाच्या गावात झाली.

आणि माणसं आली! सिंधमधले घनश्यामदास मलकानी आले आणि त्यांनी आपलं आयुष्य या संस्थेला वाहिलं. १९२५ पासून इथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागलं. देशातले नामवंत तत्त्वज्ञ त्यात लिहीत आणि एकमेकांशी वाद घालत. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट अॅज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरच्या या संस्थेनं प्रसिद्ध केला. तो अवघड आहे, पण विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानाची चर्चा त्याला वगळून होत नाही. पुढे काही काळ भट्टाचार्य स्वतः इथं संचालक म्हणून राहिले. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून एक पुस्तक लिहिलं, ते १९३३ मध्ये लंडनच्या प्रकाशकानं छापलं. त्याचं नाव ‘अज्ञान’! बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना आत तीन पंडित अज्ञान म्हणजे काय याचा कीस काढत बसले होते, हे चित्र मला फार आवडतं.

याच तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीनं कोकणातला एक तरुण अमळनेरला आला. त्याचं नाव पांडुरंग सदाशिव साने. १९२४ मध्ये तो इथल्या हायस्कुलात शिक्षक झाला. प्रताप हायस्कूल म्हणून आपण जिला ओळखतो तीच ही शाळा. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं आवरणारे, त्यांच्यासाठी मासिक काढणारे साने गुरुजी अमळनेरनं घडताना पाहिले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’ पुढे नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, पण त्या आईची माया मुलांना वाटणारा मास्तर अमळनेरच्या छात्रालयात आधीच तयार झाला होता. पैगंबरांच्या जीवनावर मराठीत प्रेमानं लिहिणारेही हेच गुरुजी. ते पुस्तक वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या घरातली गोष्ट कुणीतरी माझ्याच भाषेत सांगतंय.

इथं एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. याच गुरुजींनी पुढे खान्देशातल्या शेतकऱ्यांची आणि कामगारांची बाजू घेतली. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं आणि कष्टकऱ्यांची दुःखं त्यातून मांडली. ज्या गावात गिरणीच्या नफ्यातून ज्ञानाची दारं उघडली, त्याच गावात गिरणीतला घाम हिशेब मागू लागला. मालक आणि मजूर यांच्यातला ताण अमळनेरला चुकला नाही. शेठच्या दानाचं गुणगान करताना हे सांगायला हवं, नाहीतर आपण त्यांची नुसती आरती ओवाळू. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गिरणीत माणसं राबली म्हणून पैसा झाला, आणि तो पैसा एका माणसानं फक्त तिजोरीत ठेवला नाही, हेही खरं.

मराठीत ‘देणं’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. देणं म्हणजे दान आणि देणं म्हणजे कर्ज. अब्बा फाटकाशी थांबून म्हणाले ते हेच असावं. कापूस सगळ्यांचा, त्यातून झालेल्या पैशावर सगळ्यांचं थोडंथोडं देणं लागतं. शेठनी ते पुरतं फेडलं का, हे मी सांगू शकत नाही. पण आपल्यावर गावाचं काही देणं आहे, हे त्यांना कळलं होतं एवढं नक्की. त्यांच्या नावाचं महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झालं. खान्देशात तेव्हा महाविद्यालयं नुकतीच उघडू लागली होती. पदवी घ्यायची तर दूरचं शहर गाठावं लागे, आणि ते फक्त ऐपतवाल्यांना जमे. अमळनेरात कॉलेज झालं नसतं तर पिंजाऱ्याचा मुलगा पदवीधर झाला नसता. पिंजणच खांद्यावर घेतलं असतं, आणि कविता सुचली असती तरी ती कागदावर उतरली नसती.

त्याच १९४५ सालच्या डिसेंबरात अमळनेरात आणखी एका व्यापाऱ्यानं पाय रोवले. ते मोहम्मद हाशम प्रेमजी. त्यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली, वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण तयार करू लागले. दोन वर्षांत देशाची फाळणी झाली; प्रेमजी इथंच राहिले. गावातल्या साध्या माणसांनी कंपनीचे शेअर घेतले. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा मुलगा अझीम एकवीस वर्षांचा होता. पुढे हीच कंपनी विप्रो झाली आणि ते जुने कागद पेटीत जपून ठेवणारी अमळनेरची कुटुंबं लक्षाधीश, कोट्यधीश झाली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. अझीम प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा शिक्षणाच्या कामाला दिला, तेव्हा मला प्रतापशेठांची आठवण झाली. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला, असं माझं म्हणणं नाही. एवढंच म्हणतो की या दोन्ही व्यापारी घरांचा पैसा शेवटी शाळेच्या फळ्यापर्यंत पोचला.

‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ १९६०च्या दशकात थांबलं. मग १९७३ मध्ये पुणे विद्यापीठातून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघू लागलं आणि अमळनेरचा तो धागा पुढे चालू राहिला. भोंग्यावर गावाचा दिवस उगवण्याचे दिवस मात्र गेले. गिरण्यांचा तो काळ सगळ्या महाराष्ट्रातच सरला. शेठनी नफ्यासाठी जे उभारलं ते काळाबरोबर ओसरलं. ज्यातून एक पैचाही नफा नव्हता त्या शाळेची घंटा आणि कॉलेजचा तास मात्र रोज वाजतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५२ नंतर अमळनेरला हा मान पुन्हा मिळाला होता. मी गर्दीत एका कडेला बसलो होतो. मांडवात मराठी बोलली जात होती, प्रमाण मराठीही आणि मधूनच अहिराणीही. अब्बा जाऊन बरीच वर्षं झालीत. संध्याकाळी घरी निघताना त्याच जुन्या फाटकाशी मी थांबलो, ते थांबले होते तिथंच, आणि मागे वळून पाहिलं.

‘‘खरंय अब्बा,’’ मी मनात म्हटलं, ‘‘बठा कापूसना पैसा शे.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)