तयार इमेज आणि बोर्डाची ओळख

तयार लिनक्स इमेज मेमरी कार्डावर उतरवायची, कार्ड बोर्डात घालायचे आणि वीज द्यायची, ही पद्धत २०१२ मध्ये रास्पबेरी पाय बाजारात आल्यावर सर्वत्र रुळली. इन्स्टॉलेशनची पायरी त्यामुळे गळाली. पण यंत्राची स्वतंत्र ओळख याच पायरीवर तयार होत असे. ती गेल्यावर इमेजमध्ये जे राहून जाई, ते हरेक बोर्डावर जसेच्या तसे उतरू लागले.

हार्डवेअरची ओळख यातून सुटली. चिपचा अनुक्रमांक कारखान्यातच ठरतो. सुरुवातीच्या रास्पबेरी पायचा मॅक पत्ताही त्याच क्रमांकाच्या शेवटच्या २४ बिटांवरून बने. प्रश्न सॉफ्टवेअरच्या ओळखीचा होता.

पहिली अडचण एसएसएचच्या होस्ट-कीची. खासगी की इमेजमध्येच असेल, तर ती इमेज उतरवून घेणारा कोणीही त्या बोर्डाचे सोंग घेऊ शकतो. म्हणून इमेजमधील की पुसून पहिल्या बूटच्या वेळी नवी घडवण्याची रीत पडली. रास्पबेरी पायसाठीच्या रास्पबियन या लिनक्समध्ये हे काम करणारी सेवा एकदा चालून स्वतःला बंद करी. मात्र नुकत्याच जाग्या झालेल्या बोर्डाकडे खरी यादृच्छिकता फारशी नसते. नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इंटरनेटभरच्या कीज तपासल्या, तेव्हा अनेक छोट्या उपकरणांच्या कीज याच कारणाने कमकुवत निघाल्या. रास्पबियनमधील अशीच उणीव २०१५ मध्ये उघड झाली; चिपमधील यादृच्छिक अंक देणारे हार्डवेअर कामाला लावणे हा त्यावरचा उपाय होता.

दुसरी अडचण मशीन-आयडीची. मुळात डी-बसने आणलेला आणि पुढे सिस्टमडीने स्वीकारलेला हा ३२ षोडशमान अंकांचा क्रमांक इटीसी फोल्डरमधील एका छोट्या फाइलमध्ये असतो. सिस्टमडीचे नेटवर्क व्यवस्थापन डीएचसीपीसाठी स्वतःची ओळख त्यावरूनच काढते. त्यामुळे दोन बोर्डांचा क्रमांक एकच असला, तर मॅक पत्ते वेगळे असूनही राउटर दोघांना एकच आयपी पत्ता देऊ शकतो. उपाय साधा आहे: फाइल ठेवायची, पण रिकामी, बूट होताना सिस्टमडी ती भरते.

पासवर्डचेही तसेच झाले. प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड द्यावा किंवा पहिल्या वापरापूर्वी तो ठरवायला लावावा, असा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. रास्पबेरी पायच्या इमेजमधून ‘पाय’ हा ठरलेला वापरकर्ता एप्रिल २०२२ मध्ये हटवला गेला.

त्यामुळे इमेज प्रसिद्ध करण्यापूर्वीची कामे आता ठरून गेली आहेत: होस्ट-की पुसणे, मशीन-आयडी रिकामा करणे, यादृच्छिकतेचे साठवलेले बीज काढून टाकणे आणि कोणताही पासवर्ड मागे न ठेवणे.