पद्मिनी, अर्टिगा आणि एक मूळपुरुष

पद्मिनीचे बॉनेट उघडले की इंजिन गाडीच्या लांबीला धरून उभे बसवलेले दिसते. त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तिथून गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत गेलेला प्रॉपेलर शाफ्ट. त्याला वाट द्यायची म्हणून तळाला मध्ये उंचवटा, आणि मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याचे गुडघे कायम वर. आता अर्टिगाचे बॉनेट उघडा. इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्या कुशीला, आणि पुढचीच चाके गाडी ओढतात. सगळी यंत्रणा पुढेच आटोपल्यामुळे मागचा तळ जवळजवळ सपाट. साडेचार मीटरपेक्षा कमी लांबीत सीटांच्या तीन रांगा मावतात, त्याला या रचनेचा मोठा हातभार आहे.

दिसायला या दोन जाती वेगळ्या. पण दोघींचे कूळ शोधत गेले, तर इटलीतल्या तुरीनमध्ये फियाटच्या एकाच इंजिनिअरपाशी येऊन थांबावे लागते. त्याचे नाव दान्ते जाकोझा.

1937 साली जाकोझाने फियाट 508 सी या गाडीसाठी 1089 सीसीचे इंजिन सिद्ध केले. 1953 साली त्याच मापाचे इंजिन घेऊन त्याची फियाट 1100 आली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधायला घेतली. तिच्या गोलसर थोबाडामुळे मुंबईने तिला ‘डुक्कर फियाट’ केले. पुढे 1964 मध्ये डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. पुढची सीट सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. त्यामुळे पुढे सहज तिघे बसत, शिवाय मांडीवर एखादे पोर. सुधारणा होत राहिल्या, पण 1089 सीसीचे माप शतक संपेपर्यंत टिकले. एवढे आयुष्य फार थोड्या इंजिनांना लाभते.

आडव्या इंजिनाची कल्पना मात्र जाकोझाची नव्हे. अ‍ॅलेक इसिगोनिसच्या 1959 च्या मिनीने ती गाजवली होती. पण मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, ऑइलच्या टाकीतच बसवलेला, आणि दोघांना तेल एकच. जाकोझाने गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, त्याच रेषेत जोडला. त्यामुळे दोन चाकांकडे जाणारे शाफ्ट लहान-मोठे झाले, ते त्याने पत्करले. फियाटच्या नावावर धोका नको म्हणून हा प्रयोग आधी 1964 मध्ये ऑटोबियांकी प्रिमुलावर झाला. 1969 ची फियाट 128 यशस्वी ठरली आणि छोट्या-मध्यम गाड्यांच्या दुनियेने हीच मांडणी उचलली. माझ्या मते कुटुंबाच्या गाडीला यापेक्षा मोठी देणगी कोणी दिलेली नाही. पद्मिनीच्या आठवणीने हळवे होणाऱ्या आपल्या लोकांना जाकोझाचे नाव ठाऊक नसावे, याची मला मनापासून खंत वाटते.

भारतात ही दुसरी शाखा जपानमार्गे पोचली. 1983 साली आलेल्या मारुती 800 चे इंजिन आडवे होते, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला आणि ओढ पुढच्या चाकांची. तिने पद्मिनीची घरगुती गिऱ्हाइके तोडली. पद्मिनीकडे उरली मुख्यतः टॅक्सी, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत तिचीही मुदत भरली. तिच्या जागी काळ्यापिवळ्या रंगात धावणाऱ्या सँट्रो आणि वॅगन-आर याच दुसऱ्या शाखेतल्या.