रुमालात बांधलेला इतिहास

पेशवाई 1818 मध्ये बुडाली, पण तिचा पत्रव्यवहार सरदार-कारकुनांच्या वाड्यांत तसाच पडून राहिला. माळ्यावर, फडताळात, रुमालांत बांधलेले मोडी कागद. पुढच्या पिढ्यांना मोडी येईना. मग कागदांची गाठ वाळवीशी, पावसाशी नाहीतर रद्दीवाल्याशी.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी हेच कागद गोळा करायला आयुष्य घातलं. गावोगाव पायपीट, हातानं रांधलेलं जेवण आणि संशयी घरमालकांची मनधरणी. त्यांचा स्वभाव मुळातच तापट, म्हणून या मनधरणीचं जरा नवलच वाटतं! ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये आला. त्यात 1750 ते 1761 या काळातली, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची पत्रं होती. असे 22 खंड झाले. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी लिहिलं ते मराठीतच. त्यांचे काही सिद्धांत आज टिकत नाहीत, काही तर निव्वळ जातीय अभिमानातून आलेले दिसतात. छापलेली पत्रं मात्र त्यांच्या मतांचे विरोधकही वापरतात.

1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे तिथंही त्यांचं बिनसलं.

31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं. मागे घरदार नव्हतं, होती ती कागदांची दप्तरं. ती सांभाळण्यासाठी धुळेकरांनी त्यांच्याच नावानं संशोधन मंडळ उभं केलं.