बार्ज पोहोचली तिथवर गाव

अलास्कातल्या न्यूटॉकची बातमी जगभर गेली ती ‘हवामानबदलाने हुसकावलेले गाव’ म्हणून. बातमी खरी आहे. पण या गावाची कहाणी तापमानवाढीपासून सुरू केली तर अर्धीच कळते. माझ्या मते ती एका शाळेपासून सुरू करावी लागते.

युकॉन आणि कुस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातले युपिक लोक ऋतूंप्रमाणे मुक्काम हलवत. हिवाळ्याची वस्ती वेगळी, उन्हाळ्यातला मासेमारीचा तळ वेगळा. सरकारला मात्र शाळेसाठी कायमची जागा हवी होती. १९४९ साली वस्ती निंगलिक नदीजवळ आली. जागा ठरली ती बांधकामाचे सामान आणणारी बार्ज कुठवर येऊ शकते यावरून. १९५८ मध्ये शाळा उभी राहिली आणि फिरते लोक तिच्याभोवती स्थिरावले.

ती जमीन पर्माफ्रॉस्टची, म्हणजे वर्षानुवर्षे गोठून राहिलेल्या मातीची. आतला बर्फच मातीला बांधून ठेवतो. तो वितळला की जमीन खचते, घरे कलतात आणि लाटांपुढे काठ ढासळतो. न्यूटॉकमध्ये नदी वर्षाला सरासरी ७० फूट जमीन गिळत होती.

१९९४ मध्ये गावानेच स्थलांतराची तयारी सुरू केली. २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून नेल्सन बेटावरची मर्टार्विकची जमीन अदलाबदलीत दिली. अंतर जेमतेम नऊ मैल. पहिली कुटुंबे तिथे गेली २०१९ च्या ऑक्टोबरात, शेवटची २०२४ च्या अखेरीस. नऊ मैलांना तीस वर्षे लागली.

पैसा अपुरा होता हे खरेच, पण अडचण कायद्यातही होती. आपत्ती जाहीर करून मदत द्यावी ही गावाची विनंती २०१७ च्या जानेवारीत केंद्र सरकारने फेटाळली. कायद्याला वादळ कळते, पूर कळतो, भूकंप कळतो. वर्षानुवर्षे वितळत जाणारी जमीन त्याच्या व्याख्येत बसत नाही.

न्यूटॉक एकटे नाही. अलास्कातल्या २१३ मूलनिवासी गावांपैकी १८४ गावांना पूर आणि धूप यांची कमीअधिक झळ पोहोचते, अशी नोंद अमेरिकी सरकारच्याच २००३ च्या अहवालात आहे. म्हणून मला न्यूटॉकचा इतिहास केवळ बर्फाचा वाटत नाही. लोकांना एका जागी बसवायला सरकारकडे योजना होती. तीच जागा सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांना हलवण्याची जबाबदारी नेमकी कोणत्या खात्याची, हेही ठरलेले नव्हते.