अंधारातला बाण आणि नेमाची गोष्ट

वर्षावासात ग्रंथवाचन संपले की शेवटची पंधरा-वीस मिनिटे कोणीतरी चार गोष्टी सांगाव्यात, अशी आपल्या विहारात जुनी पद्धत आहे. काही वर्षांमागे अशाच एका रविवारी आम्ही जपानच्या एका धनुर्धर गुरूची गोष्ट सांगितली होती. मिट्ट काळोख. लक्ष्य दिसत नाही. गुरूने दोन बाण मारले. पहिला बरोबर मधोमध लागला आणि दुसऱ्याने पहिल्याचा बुंधा चिरला. नेम न धरता, नुसत्या ध्यानाच्या बळावर! माताभगिनींनी माना डोलावल्या, पोरे आ वासून ऐकत होती. घरी जाताना एका मुलाने विचारले, "काका, मग अभ्यास न करता नुसतं ध्यान केलं तर दहावीचा पेपर जमेल का?" आम्ही ते हसण्यावारी नेले. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा उमगले की आम्ही सांगितले त्यात निम्मे खरे होते आणि निम्मे सांगोवांगी. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले.

गोष्ट आहे ऑयगेन हेरिगेल या जर्मन तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची. हा १८८४ साली जन्मला. १९२४ ते १९२९ या काळात जपानमधल्या सेंदाई गावी, तोहोकू विद्यापीठात शिकवीत होता. तिथे त्याने आवा केन्झो (१८८० ते १९३९) या गुरूकडे धनुर्विद्या शिकायला सुरुवात केली. जपानी धनुष्य माणसापेक्षा उंच, सव्वादोन मीटरच्या आसपास. ते मधोमध धरीत नाहीत, खालून तिसऱ्या हिश्श्यावर धरतात. दोरी ओढायची ती अंगठ्याने, त्यासाठी हातमोजा असतो. नेहमीचे लक्ष्य २८ मीटरवर आणि ते केवढे, तर ३६ सेंटिमीटर व्यासाचे.

आवांनी शिष्याला लक्ष्यासमोर उभेच केले नाही. दोन पावलांवर पेंढ्याचा गठ्ठा, त्यात बाण मारीत राहायचे. श्वास असा घे, खांदे सैल ठेव, दोरी आपोआप सुटू दे. हेरिगेलला दोरी सोडतानाचा झटका काही टाळता येईना. पूर्वी बंदूक-पिस्तूल चालवलेली असल्यामुळे त्याने सुट्टीत समुद्रकाठी आपली युक्ती काढली, अंगठा हळूच ढिला करायचा. परत येऊन दाखवले तर गुरूने पाठ फिरवली आणि शिकवणेच बंद केले. मध्यस्थी झाली तेव्हा पुन्हा घेतले. हा प्रसंग आम्हाला फार खरा वाटतो. उस्तादाला फसवायला गेलेला उमेदवार आम्ही खात्यात कितीतरी पाहिले आहेत, आणि एकेकाळी त्यातले एक आम्हीच होतो.

पुढे लक्ष्य आले आणि बाण लागेनात. हेरिगेलने विचारले, नेम कसा धरायचा ते सांगा. गुरू म्हणाले, नेम धरूच नकोस. त्यावर हेरिगेलने शंका काढली. इतक्या वर्षांच्या सवयीने तुम्ही नकळत नेम धरीत असाल, नाही का? आणि तसे नसेल तर तुम्हाला डोळे बांधूनही मारता आले पाहिजे. गुरूंनी त्याला रात्री बोलावले. लक्ष्यापुढच्या वाळूत डास पळवायची एक बारीक उदबत्ती पेटवून रोवली, आणि ते दोन बाण मारले. हेरिगेलची शंका तिथेच मिटली.

आमच्या मते शंका बरोबर होती. मिटायला नको होती.

धनुर्विद्येत हे दोन पक्ष सगळीकडे आहेत. एक म्हणतो, बाणाचे टोक आणि लक्ष्य डोळ्याने जुळवा, अंतर मोजा, मग सोडा. दुसरा म्हणतो, नजर फक्त लक्ष्यावर ठेवा, बाकीचे हात बघून घेईल. इंग्लंडच्या रॉजर ॲस्कमने १५४५ साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले, त्यात डोळा कायम लक्ष्यावर ठेवण्यावरच भर आहे. अमेरिकेचा हॉवर्ड हिल (१८९९ ते १९७५) हा नावाजलेला तिरंदाज, १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातले बाण त्याने मारलेले. तो झटकन मारायचा, म्हणून लोक म्हणत की हा नेमच धरीत नाही. त्याने स्वतः मात्र सांगितले की नजर लक्ष्यावर असली तरी बाणाचे टोक नजरेच्या कडेला दिसत असते आणि त्यावरून अंदाज घेतला जातो. बघणाऱ्याला नेम दिसत नाही इतकेच. खुद्द जपानी धनुर्विद्येतही नेम आहे, त्याला 'नेराइ' असा शब्द आहे. दोरी पूर्ण ओढल्यावर धनुष्याच्या कडेने लक्ष्य कितपत झाकले जाते, अर्धे दिसते की कसे, यावरून ते पाहतात.

हे आम्हाला पुस्तकातून कमी आणि रिंगफ्रेमवर जास्त समजले. सूत तुटले की फिरती चाती हाताने थांबवायची, बॉबिनवरचे टोक शोधायचे, ट्रॅव्हलरमधून ओवायचे आणि वरच्या रुळातून येणाऱ्या पेळूला अलगद टेकवायचे. नवा पोरगा टक लावून बघतो, बोटे अडखळतात, तोवर शेजारची दोन सुते तुटतात. जुना कामगार सांधा मारता मारता शेजाऱ्याशी युनियनच्या गप्पा मारतो. दिवे गेले तरी त्याचा हात चातीवर बरोबर पडेल. याला कोणी चमत्कार म्हणेल का? तो पोरगा जे डोळ्याने करतो तेच जुन्याच्या बोटात उतरलेले असते. उतरायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचा हिशेब कुणी ठेवीत नाही. म्हणून मग पाहुण्याला ती जादू वाटते.

आवा ज्या जागी उभे होते तिथून, त्याच अंतरावर, त्यांनी आयुष्यात किती हजार बाण मारले असतील! उदबत्तीचे टोक तरी दिसत होते. पहिला बाण लागला यात नवल थोडे. दुसरा पहिल्याला चिरून गेला, त्याचे काय? जपानी अभ्यासक यामादा शोजी यांनी यावर २००१ साली सविस्तर लेख प्रसिद्ध केला, पुढे पुस्तकही केले. ते स्वतः धनुर्विद्या शिकलेले. त्यांनी दाखवले की त्या रात्री गुरू-शिष्य दोघेच होते, दुभाषा हजर नव्हता. हेरिगेलला जपानी पुरेसे येत नव्हते. एरवी दुभाष्याचे काम कोमाचिया सोझो हे कायद्याचे प्राध्यापक करीत. या कोमाचियांनी नंतर आवांना त्या रात्रीबद्दल विचारले, तर आवा हसून म्हणाले की तो निव्वळ योगायोग होता. आंझावा हेइजिरो या शिष्यालाही त्यांनी तेच सांगितले. वर, तसे काही दाखवायचा आपला इरादा नव्हता, हेही सांगितले. स्वतःचाच बाण फोडणे ही तिकडे मिरवायची गोष्ट नाही, बाणाचे नुकसानच होते ते. गुरू सरळ होता हो! पुराण शिष्याने रचले.

दुसरी गंमत शब्दाची. हेरिगेल लिहितो की गुरू म्हणत, बाण मी सोडत नाही, 'ते' सोडते. या 'ते'वर जगभर प्रवचने झाली. यामादांचा अंदाज असा की चांगला बाण सुटला की आवा जपानीत "सोरे देश्ता" म्हणाले असावेत. त्याचा साधा अर्थ, "हां, तेच! आता जमलं!" शाबासकीचा शब्द जर्मन भाषेत जाऊन ब्रह्म होऊन बसला. शिवाय आवा झेनचे साधक नव्हते, असेही यामादांना आढळले. झेन हेरिगेलच्या मनात आधीपासून होते, तेच शोधत तो तिथे गेला होता. पुस्तक जर्मनमध्ये १९४८ साली निघाले. १९५३ च्या इंग्रजी भाषांतराला डी. टी. सुझुकींची प्रस्तावना लाभली आणि ते घरोघर गेले.

आणखी एक गोष्ट आम्ही तेव्हा सांगितली नव्हती, कारण माहीत नव्हती. हाच हेरिगेल जर्मनीत परतल्यावर १९३७ साली नाझी पक्षात गेला आणि १९४४-४५ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाचा प्रमुख होता. गेर्शोम शोलेम या ज्यू विद्वानाने १९६१ साली हे जाहीरपणे लिहिले. त्यावरून धनुर्विद्या वाईट ठरत नाही, आवा तर नाहीच नाही. पण 'मी नाही, ते सोडते' म्हणणाऱ्याला आम्ही एक विचारू. बाण ज्याला लागला त्याने दाद कुणाकडे मागायची?

आपल्याकडे एकलव्य म्हटले की अंगठा आठवतो आणि रक्त तापते, ते योग्यच आहे. परंतु महाभारतात पुढे काय लिहिले आहे ते फारसे कोणी सांगत नाही. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीचा वेग राहिला नाही. नेम गेला असे म्हटलेले नाही, वेग गेला असे म्हटले आहे. म्हणजे द्रोणाने घेतले ते डोळ्यातले नव्हते. मातीच्या मूर्तीपुढे एकट्याने केलेल्या सरावातून जे हातात उतरले होते, ते घेतले.

बुद्धवचनातही धनुर्धर आहे, आणि तो जादूगार नाही. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात दाखला येतो की धनुर्धर किंवा त्याचा शिष्य आधी गवताच्या बाहुल्यावर नाहीतर मातीच्या ढिगावर सराव करतो, आणि काही काळाने दूरवर मारणारा, विजेच्या वेगाने वेध घेणारा होतो. गवत अगोदर, वीज नंतर. हा दाखला खुद्द ध्यानासाठीच दिलेला आहे, हे विशेष. बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन करून आम्ही चमत्कार सोडले म्हणतो, पण चमत्कार जपानहून आला की त्याला खुर्ची देतो!

संयुत्त निकायात आनंदाने वैशालीत लिच्छवी तरुणांना सराव करताना पाहिल्याचे आहे. दुरून, कुलुपाच्या किल्लीच्या भोकाएवढ्या जागेतून, बाणामागून बाण, एकही न चुकता. त्यांनी डोळे मिटले होते असे कुठेही नाही.

तो प्रश्न विचारणारा मुलगा पेपर लिहून, पास होऊन, पुढे आयटीआय करून आता नोकरीला आहे. त्या रविवारी समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आज मुले आहेत. ती गोष्ट त्यांना जरूर सांगा, छान आहे. फक्त उदबत्ती, योगायोग आणि पेंढ्याचा गठ्ठा वगळू नका. आम्ही वगळले होते.